दाद मागायची कुणाकडे? परकी फौज आणि कुंपणाबाहेरची माणसं

13 ऑगस्ट 2004. जपानच्या ओकिनावा बेटावर गिनोवान नावाचं शहर आहे. तिथल्या ओकिनावा आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारात, मुख्य इमारतीला धडकून अमेरिकन सैन्याचं एक अवजड हेलिकॉप्टर कोसळलं. सुटीचे दिवस होते म्हणून विद्यापीठातलं कुणी दगावलं नाही. हेलिकॉप्टरमधले तिघे जखमी झाले. स्थानिक अग्निशमन दलाने आग विझवली. त्यानंतर शेजारच्या फुतेन्मा तळावरून आलेल्या अमेरिकन सैनिकांनी सगळा परिसर बंद करून टाकला. विद्यापीठाच्या लोकांना आत जाता येईना, शहराच्या महापौरांना येईना, जपानी पोलिसांनाही येईना. जमीन जपानची, इमारत जपानी विद्यापीठाची, तपास करणं पोलिसांचं काम, आणि पोलीस मात्र बाहेर ताटकळत उभे. पुढच्या काही दिवसांत अवशेष तर हलवले गेलेच, पण भोवतालची झाडं तोडून जळकी मातीही उचलून नेली गेली.

परक्या सैन्याच्या तळाबद्दल आपण वाचतो ते बहुतेक वेळा नकाशाच्या भाषेत. कोणत्या देशाचे किती सैनिक कुठे आहेत, कोणतं क्षेपणास्त्र कुठवर पोहोचतं, कुणाला शह बसतो. त्या नकाशावर कुंपणाला लागून राहणारी माणसं दिसत नाहीत. त्यांच्या आयुष्यात नेमकं काय बदलतं, हे या लेखात सांगायचं आहे.

सैनिक चांगले की वाईट, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. प्रत्येक फौजेत सज्जन माणसं असतात. पूर आला तर मदतीला धावणारी, शेजारच्या शाळेत मुलांना शिकवायला जाणारी, गावातल्या मुलीशी लग्न करून संसार थाटणारी. पण शेजारी चांगला असला तरी त्याच्याशी तंटा झाला तर न्याय कोण करणार, हे ठरलेलं असावं लागतं. परकी फौज येते तेव्हा नेमकं हेच बदलतं. सामान्य माणसाची दाद मागण्याची जागा सरकते, आणि कुठे सरकली ते त्याला बहुधा अपघात झाल्यावरच कळतं.

एक कागद, ज्यावर सगळं अवलंबून असतं

पर्यटक म्हणून तुम्ही दुसऱ्या देशात गेलात तर तिथला कायदा तुम्हाला लागू होतो. राजदूत असाल तर तुमच्यावर तिथे खटला चालत नाही. सैनिक या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो, आणि नेमका कुठे हे दोन सरकारांमधला एक करार ठरवतो. त्याला सैन्यदर्जा करार म्हणता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'सोफा' या नावाने ओळखला जातो. सैनिकांना व्हिसा लागतो का, ते कर भरतात का, त्यांच्या गाड्यांना कोणती नंबरपाटी, तळाच्या आत कुणाचा कायदा, जमीन परत करताना ती साफ करून द्यायची की नाही, हे सगळं त्यात असतं. ओकिनावाच्या रस्त्यावर 'वाय' अक्षराची नंबरपाटी दिसली की गाडी अमेरिकन सैन्याशी संबंधित माणसाची आहे, हे तिथलं शाळकरी पोरही सांगतं.

सर्वांत महत्त्वाचं कलम गुन्ह्यांचं. सर्वसाधारण नियम असा, की सैनिक कामावर असताना गुन्हा घडला तर खटला चालवण्याचा पहिला हक्क सैन्य पाठवणाऱ्या देशाचा, आणि सुटीवर असताना घडला तर यजमान देशाचा. वाचायला हे न्याय्य वाटतं. पण माणूस त्या वेळी कामावर होता की नव्हता, याचा दाखला त्याच्याच सैन्यातला अधिकारी देतो, आणि अनेक करारांत त्या दाखल्याचं वजन फार मोठं असतं.

दक्षिण कोरियात 13 जून 2002 रोजी यांगजू इथे रस्त्याच्या कडेने चाललेल्या दोन शाळकरी मुली अमेरिकन सैन्याच्या चिलखती गाडीखाली चिरडल्या गेल्या. त्या चौदा वर्षांच्या होत्या. गाडी सरावावर होती, म्हणजे सैनिक कामावर. खटला कोरियन न्यायालयात चालवू द्या, ही कोरियाची विनंती फेटाळली गेली. नोव्हेंबरमध्ये कोरियातल्याच एका अमेरिकन तळावर, अमेरिकन लष्करी न्यायालयात दोन्ही सैनिक निर्दोष सुटले. त्यानंतर सोलच्या रस्त्यांवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उतरले. माझ्या समजुतीप्रमाणे त्या गर्दीतल्या अनेकांचा राग निकालाइतकाच निकाल लागलेल्या जागेवर होता. आपल्या मुली आपल्या रस्त्यावर गेल्या आणि त्याचा न्याय कुंपणाच्या आत, परक्या गणवेशातल्या माणसांनी केला.

हे फक्त आशियात घडतं असं नाही. 3 फेब्रुवारी 1998 रोजी इटलीतल्या कावालेझे इथे ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी खाली उडणाऱ्या अमेरिकन विमानाने रोपवेची तार कापली. पाळणा खाली कोसळून 20 माणसं मेली. इटलीच्या सरकारी वकिलांना वैमानिकांवर तिथेच खटला चालवायचा होता. नाटो करारामुळे तो अमेरिकेत गेला, आणि मनुष्यवधाच्या आरोपातून वैमानिक सुटला. त्या उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याबद्दल त्याला नंतर शिक्षा झाली, पण ती वेगळ्या गुन्ह्यासाठी.

सुटीवरच्या गुन्ह्यांतही मेख असते. 1995 च्या सप्टेंबरमध्ये ओकिनावात तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीचं अपहरण करून तिच्यावर बलात्कार केला. खटला जपानमध्येच चालणार, याबद्दल वाद नव्हता. पण आरोपी तळावर असतील तर आरोपपत्र दाखल होईपर्यंत त्यांचा ताबा सैन्याकडेच राहील, असं करारात होतं. जपानी पोलिसांकडे वॉरंट होतं, आरोपी मात्र कित्येक दिवस हाती नव्हते. 21 ऑक्टोबरला 85 हजार लोक सभेला जमले. पुढे तिघांनाही जपानी न्यायालयाने तुरुंगात धाडलं. खून आणि बलात्काराच्या आरोपींचा ताबा लवकर देण्याचा 'सहानुभूतीने विचार' केला जाईल, असं अमेरिकेने मान्य केलं. करारातलं कलम मात्र तसंच राहिलं. सहानुभूती दाखवायची की नाही हे दर वेळी समोरचा ठरवणार असेल, तर तो हक्क म्हणता येत नाही.

जमीन

तळाला सर्वांत आधी हवी असते जमीन, आणि सपाट, बंदराजवळची, पाण्याजवळची जमीन सहसा रिकामी पडलेली नसते.

फुतेन्माबद्दल एक गोष्ट वारंवार ऐकू येते, की तळ आधी होता, लोकच मागून त्याच्याभोवती येऊन राहिले. हे खरं नाही. तळ आहे त्या जागेवर 1945 पूर्वी वस्त्या होत्या, शेतं होती, गावाचं कार्यालय आणि शाळा होती, दुतर्फा पाइनची झाडं असलेला रस्ता होता. दुसऱ्या महायुद्धातल्या ओकिनावाच्या लढाईत वाचलेले लोक निर्वासित छावण्यांत असताना तिथे धावपट्टी बांधली गेली. परतलेल्या लोकांना आपली गावं कुंपणाआड दिसली. मग ते कुंपणाला लागून राहू लागले, कारण जायला दुसरी जागा नव्हती. आज गिनोवान शहराचा सुमारे चौथा हिस्सा तो तळ व्यापतो, अगदी मधोमध. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं तर वळसा घालावा लागतो.

1950 च्या दशकात आणखी जमीन घेतली गेली. तिथले लोक त्या काळाला 'संगिनी आणि बुलडोझर' म्हणतात. इए नावाच्या छोट्या बेटावर 1955 मध्ये सशस्त्र सैनिकांनी शेतकऱ्यांची घरं पाडली. शोको आहागोन या शेतकऱ्याच्या नेतृत्वाखाली तिथले लोक हातात फलक घेऊन ओकिनावाभर भीक मागत फिरले. त्यांचं म्हणणं असं होतं, की भीक मागणं लाजिरवाणं खरंच, पण दुसऱ्याची जमीन बळाने घेऊन त्याला भिकेला लावणं त्याहून लाजिरवाणं आहे.

युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेलं ओकिनावा 1972 मध्ये जपानला परत मिळालं. तळ तिथेच राहिले. जपानच्या एकूण भूभागाच्या अवघ्या 0.6 टक्के असलेल्या या प्रांतात, जपानमधल्या फक्त अमेरिकन सैन्याच्या वापराच्या तळांची सुमारे 70 टक्के जमीन आहे. जमीनमालकांना जपान सरकार भाडं देतं, आणि इथून चित्र गुंतागुंतीचं होतं. भाडं नियमित येतं, वाढत जातं. काही कुटुंबं त्यावरच जगतात. दूरच्या शहरांतले लोक तळाखालची जमीन गुंतवणूक म्हणून विकत घेतात. उलट काही मालकांनी भाडेपट्ट्यावर सही करायचं साफ नाकारलं. त्यांच्या साथीला 1980 च्या दशकात शेकडो लोकांनी त्या जमिनीचे एवढेएवढेसे हिस्से विकत घेतले, तेही फक्त नकार नोंदवण्यासाठी. जमिनीचं भाडं घेणारा शेजारी आणि सही नाकारणारा शेजारी एकाच गल्लीत राहतात. तळामुळे गावात पडलेली ही फूट कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

जमीन जाण्याचं सर्वांत टोकाचं उदाहरण हिंदी महासागरात आहे. चागोस बेटांवर खोबऱ्याच्या मळ्यांत काम करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. 1965 मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली आणि पुढच्या वर्षी त्यातलं दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेला तळासाठी देऊ केलं. 1968 ते 1973 या काळात दीड ते दोन हजार माणसं हलवली गेली. उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोटच मिळाली नाही. उरलेल्यांचा शिधा कमी होत गेला. त्यांचे कुत्रे गोळा करून वायूने मारले गेले. मग त्यांना बोटीत भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांत उतरवलं. मळ्यावरची माणसं शहराच्या झोपडपट्टीत आली. त्यांच्या क्रिओल भाषेत 'सागरेन' असा शब्द आहे, घर तुटल्याचं खोल दुःख. अमुक एक आजाराने नाही, सागरेनने गेला, असं ते आपल्या माणसांबद्दल सांगतात. ब्रिटनचा कब्जा बेकायदा असल्याचं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2019 मध्ये दिलं. बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर 2025 च्या मे महिन्यात सह्या झाल्या. दिएगो गार्सियाचा तळ मात्र त्यातही 99 वर्षांसाठी राखून ठेवला आहे.

रोजचं जगणं

बेघर होणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला येतो तो आवाज. शिक्षिका फळ्याजवळ बोलता बोलता थांबते, विमान जाऊ देते, पुन्हा बोलू लागते. दिवसातून कितीदा तरी. तान्ही मुलं दचकून उठतात. काडेना या मोठ्या हवाई तळाजवळच्या लोकांनी 1982 पासून खटल्यांमागून खटले लढवले. 2017 मध्ये सुमारे 22 हजार लोकांच्या दाव्यात न्यायालयाने 30 अब्ज येनहून अधिक भरपाई मंजूर केली. ती कुणी भरायची? जपान सरकारने, म्हणजे जपानी करदात्यांनी. आणि रात्रीची उड्डाणं थांबवा, ही मूळ मागणी? ती फेटाळली गेली, कारण परक्या सैन्याच्या विमानांवर जपान सरकारचा अधिकारच चालत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. आवाजाने त्रास होतो हे न्यायालयाला मान्य आहे, त्याचे पैसेही मिळतात, पण आवाज बंद करायला सांगू शकेल असं कुणी नाही. हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

आता पैशाबद्दल. तळ गेला तर लोक उपाशी मरतील, असं म्हटलं जातं, आणि सुरुवातीच्या काळात त्यात तथ्य असतं. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशात तळावरची नोकरी हीच एकमेव पगाराची नोकरी असते. पण ओकिनावाच्या उत्पन्नात तळांशी निगडित वाटा 1972 मध्ये सुमारे 15 टक्के होता, तो आता 5-6 टक्क्यांच्या आसपास आहे. नाहा शहरातली सैनिकी वसाहतीची जमीन 1987 पर्यंत परत मिळाली. तिथे आज दुकानं, कार्यालयं, संग्रहालय उभं आहे, आणि प्रांताच्या हिशेबाने त्या जागेतून पूर्वीच्या 32 पट उलाढाल होते. फिलिपीन्समध्ये सुबिक बे इथला अमेरिकेचा प्रचंड नौदल तळ हीच ओलोंगापो शहराची रोजीरोटी होती. 16 सप्टेंबर 1991 रोजी तिथल्या सिनेटमध्ये 12 जणांनी तळाचा नवा करार नाकारला, 11 जण बाजूने होते. पुढच्या वर्षी शेवटचे सैनिक गेले. त्या वेळी हजारो कुटुंबांची झोप उडाली असणार. शहरातल्या लोकांनी स्वयंसेवक म्हणून मोकळ्या पडलेल्या तळाची राखण केली, लूट होऊ दिली नाही. तिथे मुक्त बंदर झालं आणि 1995 मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपनीने आपलं आशियातलं केंद्र तिथेच उघडलं.

तरीही हा बदल सगळ्यांना सारखा फळत नाही, हे सांगायलाच हवं. तळावर वीस वर्षं एकच काम केलेल्या पन्नाशीच्या माणसाला नवी कंपनी घेईलच असं नाही.

आणि तळाच्या फाटकाबाहेर वसलेल्या वस्तीचा हिशेब वेगळाच. जिथे घरापासून दूर असलेले हजारो तरुण पुरुष आणि हातात डॉलर असतात, तिथे बार उभे राहतात आणि गरीब घरच्या मुली तिथे येतात किंवा आणल्या जातात. हे आपोआप घडतं, असं समजण्याची चूक मी बरीच वर्षं करत होतो. दक्षिण कोरियाचा इतिहास वाचल्यावर ती दुरुस्त झाली. तिथे तळालगतच्या वस्त्यांना 'गिजिचोन' म्हणतात. 1970 च्या दशकात खुद्द कोरियन सरकार या स्त्रियांच्या नोंदी ठेवत होतं, सक्तीने तपासण्या करत होतं, आजार आढळला तर त्यांना कोंडून ठेवत होतं, आणि तुम्ही डॉलर मिळवून देशसेवा करता आहात असं अधिकारी त्यांना व्याख्यानांतून सांगत होते. सैन्य निघून जाऊ नये म्हणून सैनिकांना खूश ठेवायचं, हा त्यामागचा विचार. या स्त्रियांनी म्हातारपणी सरकारवर दावा लावला, आणि सप्टेंबर 2022 मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. त्यांनी दाद मागितली ती आपल्याच सरकारविरुद्ध, आणि ती मिळायला सारं आयुष्य गेलं.

त्यांच्या मुलांचीही कथा आहे. अमेरिकन सैनिक वडील आणि आशियाई आई असलेल्या मुलांना अमेरिकेत येऊ देणारा कायदा 1982 मध्ये झाला. त्यात कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड होते. फिलिपीन्स आणि जपानचं नाव नव्हतं. ओलोंगापोत वडिलांचा जुना फोटो घेऊन मोठी झालेली मुलं या यादीत बसली नाहीत.

उदाहरणं बहुतेक अमेरिकेची आली, कारण परदेशांत सर्वाधिक तळ तिचे आहेत. पण परकी फौज आपलीही असू शकते. 1987 च्या जुलैत भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली तेव्हा जाफन्यातल्या तमिळ लोकांनी हारांनी स्वागत केलं. ऑक्टोबरमध्ये 'तमिळ वाघ' या सशस्त्र बंडखोर संघटनेशी लढाई जुंपली, आणि आपली फौज जाफना रुग्णालयात शिरली तेव्हा रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका गोळीबारात मारल्या गेल्या. 1990 च्या मार्चमध्ये शेवटचे जवान परतले. त्या मोहिमेत आपले हजाराहून अधिक जवान मृत्युमुखी पडले, तेही विसरून चालणार नाही. पण जाफन्यातल्या आईच्या नजरेने पाहिलं, तर आपला गणवेश परका होता आणि तिला दाद मागायला जागा नव्हती. मालदीवमध्ये तर शंभराहूनही कमी भारतीय सैनिक होते आणि त्यांची हेलिकॉप्टरं बेटांवरच्या आजारी माणसांना इस्पितळात पोहोचवत. तरी 2023 च्या निवडणुकीत ते इथे का आहेत, हा मोठा मुद्दा झाला. लोकांना विचारलं जाणं हवं असतं, मग फौज दोन लाखांची असो की ऐंशी जणांची.

यावर काही करता येतं का? येतं, आणि पुरावा युरोपात आहे. जर्मनीने नाटोच्या सैन्यदर्जा कराराला जोडलेला 1959 चा आपला पूरक करार 1993 मध्ये बदलून घेतला, आणि तळांच्या वापराला जर्मन कायदा लागू करवून घेतला. इटलीत तळाचा प्रमुख इटालियन अधिकारी असतो, आणि कावालेझेच्या दुर्घटनेनंतर कमी उंचीवरच्या उड्डाणांवर कडक बंधनं आली. सैन्य तेच, विमानंही तशीच. फरक कागदात आहे. ओकिनावा प्रांताने आपले लोक जर्मनीला आणि इटलीला पाठवून हा फरक कलमाकलमाने नोंदवून आणला आहे. तिथल्या लोकांची मागणी बहुतेकदा 'सगळे तळ आजच हटवा' इतकी मोठी नसतेच. आमचे अधिकारी आत जाऊन पाहू शकतील एवढं करा, असं ते म्हणत असतात.

2016 च्या सुरुवातीला प्रांताने जाहीर केलं, की काडेना तळाजवळच्या नद्यांच्या पाण्यात पीफॉस हे रसायन मोठ्या प्रमाणात सापडलं आहे. विमानांची आग विझवण्याच्या फेसात ते असतं, मातीत ते विरत नाही, आणि त्याच नद्यांचं पाणी शुद्ध होऊन सुमारे साडेचार लाख लोकांच्या नळाला येत होतं. जलशुद्धीकरण केंद्राने सक्रिय कोळशाच्या गाळण्या वाढवल्या, त्याचा खर्च जपानच्या तिजोरीतून झाला. पाणी कुठून नासतं हे शोधायला तळाच्या आतली माती आणि पाणी तपासावं लागेल, म्हणून प्रांताने काडेनात शिरण्याची परवानगी मागितली. पुन्हा मागितली. गिनोवानच्या रस्त्यावर त्या ऑगस्टमध्ये पोलीस जसे उभे होते, तसेच प्रांताचे पाण्याचे तज्ज्ञ कुंपणाबाहेर उभे राहून, तळातून बाहेर येणाऱ्या ओढ्यांचे नमुने बाटल्यांत भरत आले आहेत.